आजींचा ऑक्सिजन आणि तीन दिवस गेलेली वीज: एका घराच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

घर चौथ्या मजल्यावरचं. माणसं पाच: आजी, त्यांचा मुलगा, सून, तेरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. आजींची फुप्फुसं जुन्या आजारानं थकलेली. डॉक्टरांनी त्यांना मिनिटाला २ लिटर या प्रवाहानं दिवसातले १६ तास ऑक्सिजन सांगितलेला, आणि तो विजेवर चालणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरमधून, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्रातून मिळायचा. मुलाला मधुमेह, इन्सुलिन रोजचं. वादळाचा हंगाम तोंडावर आला तेव्हा सुनेनं मला घरी बोलावलं. विजेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि आजारी माणूस असलेल्या घरांना अशी तयारी करून द्यायला मी जातो. तिचा प्रश्न साधा होता: "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. आणखी काय घेऊन ठेवू?"

या घराचं प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण तयारीची कसोटी पुढे खरोखरच लागली. माणसांची आणि जागेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

किती वेळासाठी तयारी?

काय घ्यायचं हे ठरवण्याआधी किती वेळासाठी घ्यायचं हे ठरवावं लागतं, आणि ते वीज कशामुळे गेली यावर अवलंबून असतं. ग्रिड, म्हणजे मोठ्या प्रदेशाला जोडणारं विजेचं जाळं, कोसळते तेव्हा आकडे भयंकर दिसतात, पण तारा आणि खांब जागेवर असतात. ३१ जुलै २०१२ ला भारतात ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या भागात वीज गेली, तरी बहुतेक ठिकाणी ती त्याच दिवशी परत आली. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळजवळ सगळीकडे पुरवठा सुरू झाला होता. वादळानं खांबच आडवे केले तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या शेवटच्या ग्राहकांपर्यंत वीज पोचायला सुमारे ११ महिने लागले. तिथं यंत्रणा पुन्हा चालू करून भागत नाही, माणसांनी एकेक खांब उभा करावा लागतो.

या घराला भीती वादळाची होती. तरी अकरा महिन्यांची तयारी कुठलंच घर करू शकत नाही. आम्ही ७२ तास धरले. त्यापुढे घरात राहायचं नाही, आजींना हलवायचं, हे पहिल्याच बैठकीत बोललो. ७२ तास हा आकडा तेव्हा थोडा अंदाजानंच धरला होता. त्याला नेमकेपणा नंतर आला, तो ऑक्सिजनच्या सिलिंडरवरच्या, दाब दाखवणाऱ्या काट्यामुळे.

इन्व्हर्टरचा हिशेब

घरातली बॅटरी १२ व्होल्टची, १५० अ‍ॅम्पिअर-तासांची. गुणाकार केला तर १,८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. एवढी वीज हाताशी आहे असं घरातल्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ती मिळत नाही. बॅटरीवरचा १५० हा आकडा सावकाश, २० तासांत रिकामी केली तर मिळणारा असतो, म्हणजे ताशी साडेसात अ‍ॅम्पिअरनं. त्याच्या चौपट-पाचपट वेगानं ओढली तर तीच बॅटरी खूप कमी देते. शिवाय शिसं-आम्लाची बॅटरी पार तळापर्यंत उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, आणि बॅटरीची वीज घरच्या विजेत रूपांतरित करताना इन्व्हर्टर काही भाग उष्णतेत घालवतो. सगळं वजा करून मी हलक्या लोडवर १.२ युनिट धरले. बॅटरी जुनी असती तर त्याहून कमी धरले असते.

कॉन्सन्ट्रेटरवर ३५० वॅट लिहिलेलं होतं. १६ तासांचे झाले ५.६ युनिट, तेही एका दिवसाचे. या लोडवर बॅटरीतून ताशी ३४ अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढले जातात, म्हणजे बॅटरी अगदी तळाला नेली तरी जेमतेम तीन तास. संध्याकाळी सातला वीज गेली तर रात्री दहाला यंत्र बंद. हे वाक्य मी मोठ्यानं बोललो तेव्हा खोलीत कुणी काही बोललं नाही. आदल्या वर्षी एकदा रात्री दोन तास लाइट गेली होती आणि इन्व्हर्टरनं यंत्र व्यवस्थित चालवलं होतं. त्या दोन तासांनी घराला नको इतका विश्वास दिला होता.

सुनेनं लगेच विचारलं की आणखी बॅटऱ्या घेतल्या तर? ७२ तासांना १७ युनिटच्या आसपास लागणार. तेवढ्या बॅटऱ्यांना जागा, वजन, पैसा सगळंच आवाक्याबाहेर, आणि त्यांच्या चार्जिंगदरम्यान निघणारा हायड्रोजन बाहेर जायला मोकळी हवा हवी ते वेगळंच. इथं मी थांबवलं. आजींना वीज नको आहे, ऑक्सिजन हवा आहे. ही दोन मागण्यांमधली गल्लत मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसते: जे यंत्र रोज वापरात आहे तेच चालू ठेवायच्या मागे माणसं लागतात आणि यंत्र जे देतं ते दुसरीकडून मिळतं हे सुचत नाही.

७,००० लिटरचा सिलिंडर मिनिटाला २ लिटरनं ५८ तास वाहतो. रोज १६ तास वापरला तर साडेतीन दिवस. त्याला वीज लागत नाही. सोबत १,५०० लिटरचा छोटा सिलिंडर, साडेबारा तासांचा, तो फक्त आजींना घराबाहेर न्यायची वेळ आली तर. छोट्याला एरवी हात लावायचा नाही, हे सुनेनं त्यावर चिठ्ठी चिकटवून लिहिलं. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारून झाल्या. प्रवाह किती ठेवायचा हे तेच सांगणार, कारण अशा आजारात ऑक्सिजन जास्त झाला तरी रुग्णाला धोका असतो.

सिलिंडर घरात आला की नियमही घरात येतात. तो उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला. रेग्युलेटरला तेल, ग्रीस किंवा मलम लागलेल्या हातानं शिवायचं नाही, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट पदार्थ भडकतात. आणि मेणबत्ती बंद, पूर्णपणे बंद. सुनेनं कपाटातल्या मेणबत्त्या आणि कंदील त्याच दिवशी घरातून काढून टाकले. उजेडासाठी चार्जिंगचे दिवे आणि डोक्याला बांधायचे टॉर्च आले. नातवानं त्यातला एक तिथंच ताब्यात घेतला.

उरलेल्या विजेचं काय करायचं

कॉन्सन्ट्रेटर यादीतून निघाला आणि चित्रच पालटलं. आता १.२ युनिट ही मोठी ठेव वाटायला लागली. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेत होता, आजींच्या खोलीत ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा बसवला. रात्रीचे १० तास चालला तर ३०० वॅट-तास. एखाद-दुसरा एलईडी दिवा मिळून ४० वॅट-तास. फोनसाठी इन्व्हर्टर वापरायचाच नाही, त्यासाठी पॉवर बँक. १०,००० एमएएचच्या बँकेतून साध्या फोनचं दीड चार्जिंग होतं, दोन होत नाही, कारण व्होल्टेज बदलताना बरीच वीज वाया जाते.

या सगळ्यात एक लोड कुणाच्या हिशेबात नव्हता, तो म्हणजे इन्व्हर्टर स्वतः. एकही दिवा न लावता मोजलं तेव्हा तो १५ वॅट खात होता. दिवसभर चालू ठेवला तर ३६० वॅट-तास, म्हणजे पंख्याहून जास्त. म्हणून ठरलं की दिवसा इन्व्हर्टर बटणानंच बंद करायचा आणि रात्री पंख्यापुरता चालू. असा हिशेब दिवसाला अर्ध्या युनिटच्या खाली आला आणि बॅटरी अडीच दिवसांच्या जवळ पोचली.

जनरेटरचा विषय मुलानं काढला. मी ठाम नको म्हटलं. पेट्रोलचा जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब, उघड्यावर चालवावा लागतो. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते शक्य नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि फुप्फुसं आधीच अधू असलेल्या माणसाच्या घरात तर तो विचारच करू नये. दुसरा धोका घराबाहेरच्या माणसाला असतो. काहीजण जनरेटरची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालतात. मेन स्विच बंद केलेला नसेल तर ती वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, तिथं तिचं व्होल्टेज हजारोंत चढतं, आणि 'लाइन बंद आहे' असं समजून तारेला हात लावणारा लाइनमन जागेवर मरतो. जमिनीवरचं घर असतं आणि चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) नीट बसवला असता, तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं.

पाण्याचं मात्र सगळ्यात उशिरा लक्षात आलं, आणि मला विचाराल तर ऑक्सिजननंतर तेच सगळ्यात अवघड. वीज गेली की इमारतीचा पंप बंद. गच्चीवरची टाकी मग काही तासांत संपते, कारण प्रत्येक घर घाबरून बादल्या भरायला लागतं. मदतकार्यात माणशी दिवसाला १५ लिटर हे किमान धरतात. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे २२५ लिटर. त्यातलं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं ६० लिटर झाकणाच्या भांड्यांत वेगळं, बाकीचं ड्रममध्ये, संडासासाठी आणि धुण्यासाठी. चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय पाणी चढवणं किती कठीण आहे हे कागदावर कळत नाही. म्हणून ते वादळाचा इशारा येताच, लिफ्ट चालू असताना भरायचं ठरलं. पाण्याविषयी शंका आली तर उकळायचं, आणि उकळणं शक्य नसेल तर सुगंध नसलेल्या ६ टक्क्यांच्या साध्या ब्लीचचे लिटरला दोन थेंब टाकून अर्धा तास थांबायचं.

फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो, आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत. या घरचा फ्रीझर अर्धा रिकामा असायचा. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या, त्यांनी गारवाही धरला आणि इन्सुलिनच्या डब्यासाठी बर्फही झाला. इन्सुलिनबद्दल घरात भीती जास्त आणि माहिती कमी होती. वापरात असलेली कुपी साधारण २५ ते ३० अंशांच्या आत असेल तर बहुतेक प्रकारांत चार आठवडे फ्रिजबाहेर चालते. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत हव्यात, पण एकदा बाहेर राहिल्या म्हणून लगेच फेकायच्या नसतात. बाहेर काढल्याची तारीख लिहायची आणि त्याही वेष्टनावर दिलेल्या मुदतीत संपवायच्या. गोठलेलं इन्सुलिन मात्र कायमचं निकामी, म्हणून बर्फाच्या बाटलीला कुपी थेट टेकता कामा नये. मुलानं मध्ये टॉवेलची घडी घातली.

रंगीत तालीम

इशारा यायच्या आधी एका शनिवारी रात्री आम्ही मेन स्विच पाडला आणि सकाळपर्यंत उचलला नाही. तयारीतला हा भाग लोक टाळतात आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या एका रात्रीत कळलं की सिलिंडर उघडायचा पाना पुरवठादारानं दिलेलाच नव्हता. आजींच्या नळीची लांबी संडासापर्यंत पोचत नव्हती. इन्व्हर्टरच्या लाइनवर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स गुपचूप चालू होता. आणि गॅसची शेगडी विजेच्या ठिणगीवर पेटणारी होती, घरात लायटर नव्हता.

आजींना खाली कसं न्यायचं तेही तेव्हाच करून पाहिलं. हात असलेली मजबूत खुर्ची, शेजारचे दोघे, नात पुढे टॉर्च घेऊन, सून छोटा सिलिंडर घेऊन मागे. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळे घामाघूम. आजी म्हणाल्या, "मला उचलायचं ते दिवसा उचला, रात्री नको." ते वाक्य आम्ही लिहून घेतलं.

मग आजींसमोर बसून नियम ठरवला. मोठ्या सिलिंडरचा काटा पूर्ण दाबाच्या पावावर आला की निघायचं. पाव म्हणजे १,७५० लिटर, साडेचौदा तासांचा प्रवाह. काट्यावर लाल टेप चिकटवली. कुठे जायचं तेही ठरलेलं: जनरेटर असलेलं एक रुग्णालय, त्यांच्याशी आधी बोलून, कागदपत्रांची प्रत तिथं देऊन. काही देशांत वीज कंपन्या घरी वैद्यकीय यंत्र असलेल्या ग्राहकांची यादी ठेवतात. तशी सोय असेल तर नाव जरूर नोंदवावं, पण नाव यादीत आहे म्हणून वीज लवकर येईलच असं मानू नये.

मंगळवार संध्याकाळ ते शुक्रवार दुपार

वादळ आलं आणि मंगळवारी संध्याकाळी सातला वीज गेली. ड्रम भरलेले होते. आजी मोठ्या सिलिंडरवर गेल्या. पहिली रात्र तालमीसारखीच गेली.

बुधवारी सकाळी सुनेनं वीज कंपनीचा संदेश वाचला: खांब पडले आहेत. तिला त्याचा अर्थ माहीत होता, इतर घरं मात्र दर तासाला बटण दाबून पाहत होती. फोन लागेनासे झाले, कारण मोबाइलचे टॉवरही आपल्या बॅटऱ्यांवर काही तासच तग धरतात. लघुसंदेश मधूनमधून जात होते, म्हणून सगळा निरोप-व्यवहार तसाच चालवला. दुपारी फ्रिजमधलं दूध आणि शिजवलेलं अन्न टाकून द्यायची वेळ आली. आजींचा विरोध होता, वास चांगला येतो म्हणून. पण अन्न बिघडवणारे जंतू वास येण्याच्या कितीतरी आधी वाढलेले असतात, आणि पाणी मोजून वापरायच्या दिवसांत घरात कुणाला जुलाब होणं परवडणारं नव्हतं. सुनेनं ऐकलं नाही, अन्न टाकलं.

गुरुवार पाण्याचा. टाकी बुधवारीच संपली होती. खालच्या मजल्यावर तान्हं मूल असलेल्या घराला यांनी दोन भांडी पाणी दिलं. योजनेत हे नव्हतं, आणि पुढच्या वेळी ते योजनेतच धरावं असं माझं मत आहे: शेजार्‍यासाठी एक दिवसाचं पाणी. त्याच शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलली.

शुक्रवारी पहाटे इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला. बॅटरी संपली, पंखा थांबला. दमट हवेत आजींचा श्वास जड व्हायला लागला. बाराच्या सुमारास काटा लाल टेपजवळ आला. आणि नेमकी तेव्हाच बातमी आली की शेजारच्या गल्लीत लाइट आली.

मुलगा म्हणाला, थांबू या. तासाभरात आपलीही येईल. त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं, आईला चार मजले खुर्चीत उतरवायचं कुणाला बरं वाटेल? पण वीज कधी येईल हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं आणि सिलिंडरमध्ये किती उरलं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. सुनेनं वाद घातला नाही, लिहिलेला कागद पुढे केला. आजी म्हणाल्या, "ठरलंय ना? मग चला, उजेड आहे तोवर." एक वाजता त्या खाली उतरल्या. खाली येईपर्यंत पाऊण तास लागला, तालमीच्या जवळजवळ दुप्पट, कारण या वेळी त्या खरोखर थकलेल्या होत्या.

चारला वीज आली. आजी तेव्हा रुग्णालयात होत्या आणि रात्रभर तिथंच राहिल्या. मुलाला नंतर बरेच दिवस वाटत राहिलं की उगाच नेलं. मला तसं अजिबात वाटत नाही. त्या दुपारी वीज चारला आली. ती शनिवारी आली असती तर पहाटे तीनच्या सुमारास, अंधारात, मोठा सिलिंडर संपला असता. आणि रात्री उचलू नका असं आजींनी स्वतः सांगितलं होतं. निर्णय बरोबर होता की नाही हे तो घेताना हातात काय होतं त्यावरून पाहावं, नंतर काय झालं त्यावरून नाही.

वीज परत आली तेव्हा नात एकटीच शेजाऱ्यांसोबत घरी होती, आणि तिला सांगितलेलं तिनं चोख केलं. सगळे प्लग आधीच काढलेले, फक्त एक दिवा चालू. दीर्घ काळ बंद असलेल्या लाइनवर पुरवठा सुरू होतो तेव्हा सगळ्या घरांचे फ्रिज आणि पंप एकाच वेळी ओढायला लागतात, भार नेहमीपेक्षा जास्त चढतो आणि लाइन पुन्हा पडते. त्या दुपारीही एकदा पडली. दुसऱ्यांदा येऊन पंधरा मिनिटं स्थिर राहिल्यावर तिनं फ्रिज लावला, मग इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला.

नंतर बदललेलं

नियमात एक दुरुस्ती झाली. पावाची खूण काढून लाल टेप एक तृतीयांशावर नेली, उतरायला लागणारा वेळ आणि रुग्णालयात खाट मिळेपर्यंतचा वेळ त्यात धरून. आणि रोज दुपारी तीनला काटा पाहून हिशेब करायचा: ही खूण रात्री गाठली जाणार असेल तर दिवस मावळायच्या आत निघायचं. बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला तपासायचं काम नातीनं घेतलं आहे. इन्सुलिनच्या डब्यावर तारीख लिहायला पेन दोरीनं बांधून ठेवला आहे.

सिलिंडर भरून घ्यायला सुनेनं फोन लावला तो शुक्रवारी संध्याकाळीच, रुग्णालयातून. पुरवठादारानं सांगितलं की सकाळपर्यंत थांबला असतात तर नंबर पुढच्या आठवड्यात लागला असता.